मोहाच्या झाडापलीकडचा तंबू

पवनीच्या स्टँडवर आमचा तंबू एस.टी.च्या टपावर चढवला, तेव्हा कंडक्टरने खालून विचारलं, "मास्तर, दंडार (आमच्याकडचा लोकनाट्याचा खेळ) घेऊन चालले का जी?"

"नाही हो. नवेगावबांधला चाललो. जंगलात तंबू ठोकून राहायला."

"काहून? घर पडलं का?"

त्याचंही बरोबरच होतं. ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान होऊन फार वर्षं झाली नव्हती, पण नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं तिथे जत्रेसारखी लोटू लागली होती. आमच्या आसगावात मात्र धडधाकट घर असताना बाहेर जमिनीवर झोपायचं, तेही बायकोला घेऊन, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. आईला तर अजिबातच नाही. तिला मी सांगितलं की शाळेतल्या मुलांना पक्ष्यांची माहिती द्यायची आहे. आई म्हणाली, "पाखरं आपल्या बोडीवर (छोट्या तळ्यावर) नाही का?" मी वळकटी बांधायला घेतली.

खरं कारण वेगळंच होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत मी बायकोशी एकदाही पोटभर बोललो नव्हतो. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात आई, बाबा, दोन धाकटे भाऊ, एक आत्या, आणि अर्धी खोली अडवून बसलेली धानाची कोठी. कुंदा, म्हणजे माझी बायको, घरात बोलायची ती डोक्यावरच्या पदरातून आणि हसायची ती पदराच्या आत. ती हसते आहे हे खांदे हलले की कळायचं. आवाज कसा असेल याचा मी अंदाज बांधत असे. माणसं वाघ पाहायला जंगलात जातात, मी बायको मोठ्याने हसते कशी ते ऐकायला निघालो होतो. आता हे आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

तंबू आमच्या शाळेचे स्काउट मास्तर बोरकर यांनी दिला. देताना त्यांनी एक कळीचा प्रश्न विचारला, "आत राहाल का बाहेर, ते आधी पक्कं करा." यावर शिक्षकांच्या खोलीत मधली सुट्टी संपली तरी वाद चालला होता. गणिताच्या मास्तरांचं म्हणणं, उद्यानाच्या आत राहा, वाघ आतच असतो. बोरकर म्हणाले, वाघ आत असतो म्हणूनच बाहेर राहा. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, वाघाला आत-बाहेर कळत असतं तर तो वाघ कशाला झाला असता. घंटा झाली, वर्गात पोरांनी गोंधळ घातला होता, आणि ठरलं काहीच नाही.

मला स्वतःला आतच राहायचं होतं. त्याला कारण वाघ नव्हता, माझे सासरे होते. उद्यानाच्या हद्दीला लागूनच एक टोला (मोठ्या गावापासून सुटलेली वस्ती) आहे आणि तेच कुंदाचं माहेर. आमच्याकडची रीत अशी, की लेक माहेरच्या शिवारात शिरली की ती आईपाशी झोपणार आणि जावई ओसरीत सासऱ्यांच्या बाजूच्या खाटेवर. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही. माझे सासरे, मामाजी, झोपेत धानाचे भाव बोलतात. त्या ओसरीत मी कित्येक रात्री काढल्या होत्या. म्हणून टोल्यावर काही कळवायचं नाही, गुपचूप आत जायचं, गुपचूप परत यायचं, असा बेत होता. कुंदाला सांगितला, तेव्हा तिचे खांदे हलले.

बस लाखांदूर ओलांडून निघाली तशी दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) लागल्या. धानाचे पुंजणे रचून झाले होते आणि त्यांच्याभोवती कावळ्यांची पंचायत बसली होती. अर्जुनीला बस बदलायची होती. तिथे उकडलेले शिंगाडे घेतले. कुंदा दातांनी शिंगाडा असा सोलते की मी एक सोलेपर्यंत तिचे चार होतात. ही गोष्ट मला दोन वर्षांनी कळत होती, कारण घरी ती माझ्यासमोर जेवायला बसतच नाही. मी टक लावून पाहत राहिलो. ती म्हणाली, "अजी, लोक पाहून राहिले." लोक खरंच पाहत होते. मी घाईने शिंगाडा तोंडात टाकला, तो सालीसकट.

नवेगावबांधला उतरलो. टपावरून तंबू उतरवला, वळकटी उतरवली, पितळी डबा उतरवला. बस धुरळा उडवत निघून गेली आणि मग लक्षात आलं की तंबूचा मधला खांब टपावरच राहिला. मी थोडं धावलो. चप्पल तुटली तेव्हा थांबलो. तो खांब साकोलीकडे गेला असावा. बोरकर मास्तर अजूनही त्याची चौकशी करतात.

पण तलाव पाहिला आणि खांब विसरलो. केवढं ते पाणी! चहूकडून डोंगर पुढे येऊन वाकून पाहत असल्यासारखे, आणि मध्ये ऊन पडलेलं नुसतं पाणीच पाणी. काठाच्या उथळ पाण्यात बदकांचे थवे. कुंदाने लहानपणापासून पाहिलेला तलाव, तरी ती डबा हातात धरून उभीच राहिली. आज आपलं नशीब उघडलं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

तंबू ठोकायचं मैदान काठाजवळच होतं. तिथे गेलो आणि नशीब मिटलं. मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. इकडे स्टोव्ह फुरफुरतोय, तिकडे ट्रान्झिस्टरवर क्रिकेट, झाडावर वानरांची टोळी कुणाची पोळी उघडी पडते याची वाट बघत बसलेली. मी एक कोपरा हेरून वळकटी ठेवली आणि मागून ओळखीचा आवाज आला.

"अरे मास्तर! तुमी इथं?"

आमचे हेडमास्तर! डोक्याला मफलर, खाली अर्धी चड्डी. हेडमास्तरांना गुडघे असतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. सोबत त्यांची बायको, दोन बहिणी, मेहुणे आणि भाचरं.

"बरं झालं आले," हेडमास्तर म्हणाले. "आमचे दोन तंबू आहेत. बायका सगळ्या त्या तंबूत, पुरुष सगळे या तंबूत. तुमचा तंबू उघडूच नका, सामान ठेवाले कामी येईल. पहाटे उठून सामुदायिक प्रार्थना. तुमचा आवाज बरा आहे."

मी कुंदाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. तेवढ्यात एका वानराने आमचा डबा उघडला, बाईसाहेबांच्या टापटिपीने झाकण बाजूला ठेवलं आणि आईने दिलेल्या सगळ्या पोळ्या घेऊन झाडावर गेला. सगळे त्याच्यामागे धावले. ती संधी साधून मी वळकटी उचलली. "सर, आम्हाला सारस पाहायचा आहे, तो पलीकडच्या अंगाला दिसतो म्हणतात," असं ओरडलो आणि आम्ही सटकलो.

वाटेवर जंगलाचा गार्ड भेटला. सायकलला टेकून तो चुना-तंबाखू मळत होता.

"या मैदानाशिवाय आत कुठे तंबू ठोकता येईल का?" मी विचारलं.

"नाही जी. आत राहायचं त मैदानातच."

"आणि बाहेर?"

"बाहेर तुमची मर्जी. तो हद्दीचा दगड हाये ना, पांढरा? तो सोडला का मंग माझा काही संबंध नाही. तुमाले वाघानं नेलं तरी नाही." मग त्याने कुंदाकडे निरखून पाहिलं. "अव, तू त टोल्याची कुंदा! आनि हे जवाई? जमिनीवर झोपनार?"

"कुणाला सांगू नका," मी म्हणालो.

"मी कायले सांगू?" तो म्हणाला, तंबाखू तोंडात टाकली, सायकलवर टांग मारली आणि थेट टोल्याच्या दिशेने सुटला.

तरी आम्ही पांढऱ्या दगडाबाहेर एक जागा शोधली. साजाच्या झाडांखाली सपाट जमीन, समोर बांध्या, मागे जंगल, आणि माणूस एकही नाही. तंबू पसरला, खुंट्या ठोकल्या. खांब नसल्याने तो जमिनीवर पोटावर झोपल्यासारखा दिसत होता. कुंदा जवळ येऊन काही बोलणार, एवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बंडी (बैलगाडी) आली. बंडीत मामाजी, सासूबाई, एक खाट, एक गादी, कंदील, पितळी तांब्या आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता. मागून टोल्यातले दहा-पंधरा जण पायी येत होते.

मामाजी बंडीतून उतरले. अंगाने किरकोळ माणूस, पण आवाज असा की बांधीच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बगळा उडतो.

"जवाईबापू! हे काय लावलं?" ते म्हणाले. "माझ्या घरी तीन खाटा, आनि जवाई जंगलात? लोक माझ्या तोंडात शेण घालतीन ना जी! चला घरी. पोरगी मायपाशी झोपन, तुमी माझ्यापाशी. यंदा धानाचा भाव काय झाला, तुमाले सांगाचंच होतं."

"मामाजी, आम्ही मुद्दाम तंबूत राहायला आलो आहे."

"कायले?"

पुन्हा तोच प्रश्न. पंधरा माणसांसमोर मी काय सांगणार? मी म्हणालो, "पक्षी पाहायला."

"आमच्या ओसरीतून दिसते पाखरं. चिमण्या हायेत, पारवे हायेत. आनि पावनं, हे शिवार माझ्या गावचं हाये. माझ्या गावच्या शिवारात जवाई भुईवर झोपला त मी उद्या तोंड कोणाले दाखवू?"

टोल्यातली माणसं "बराबर हाये, बराबर हाये" म्हणत माना हलवू लागली. दोघांनी तर तंबूच्या खुंट्या उपटायला सुरुवातही केली. आतमध्ये हेडमास्तर, बाहेर मामाजी! मी अगदी रडकुंडीला आलो. उद्या आसगावला परत जायचं, की पुन्हा तीच कोठी आणि तोच पदर. आणि अशा त्या घायकुतीला आलेल्या अवस्थेत मला बंडीपलीकडचं मोहाचं झाड दिसलं. जुनं, एका अंगाने वाकलेलं झाड, बुंध्याशी शेंदूर फासलेला वाघदेव. ते झाड मी ओळखलं.

"मामाजी," मी म्हणालो, "आमच्या लग्नात सीमांतपूजन कुठे झालं होतं?"

"म्हंजे?"

"माझे पाय तुम्ही कुठे धुतले होते? ह्याच मोहाखाली ना? वरात इथे थांबवली, म्हणालात, इथं आमच्या गावाची शीव लागते, पूजन झाल्याशिवाय नवरदेवाने पाऊल पुढे टाकायचं नाही. मी भर उन्हात मुंडावळ्या बांधून उभा होतो."

मामाजी झाडाकडे पाहू लागले. मोहाच्या एका बाजूला टोला, दुसऱ्या बाजूला आमचा तंबू. मोहापासून पांढऱ्या दगडापर्यंत साजाच्या झाडांचा एक पट्टा होता, आणि आम्ही नेमके त्या पट्ट्यात होतो. जंगलखात्याच्या हद्दीबाहेर आणि गावाच्या शिवेबाहेरही.

"ते पूजेपुरतं असते जी," मामाजी म्हणाले, पण बगळा काही उडाला नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. त्यांच्या पिढीच्या बायका जावयाशी समोरासमोर बोलत नाहीत. त्यांनी पदर पुढे ओढला, बंडीच्या पांढऱ्या बैलाकडे तोंड केलं आणि बैलाला सांगितलं, "शीव पूजेपुरती नसते म्हणा. याच झाडाखाली लेक वाटी लावली (सासरी पाठवली), तवा यायनंच सांगतलं होतं, 'बाई, मोह सोडला का तू सासरची.' रडत रडत सांगतलं होतं. आता लेक मोहापलीकडं हाये. मंग ते सासरी हाये का माहेरी?"

बैलाने मान हलवली. टोल्याची माणसं या वेळीही "बराबर हाये" म्हणाली. खुंट्या उपटणाऱ्या दोघांनी त्या पुन्हा ठोकायला घेतल्या.

अशा रीतीने उद्यानाच्या आत की बाहेर, या प्रश्नाचा निकाल एका बैलाच्या साक्षीने लागला. पण मामाजी हरणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "ठीक हाये. तुमी तुमच्या सासरी राहा. मी माझ्या शिवेवर बसतो. शिवेवर बसाची मनाई नाही ना?" त्यांनी खाट उतरवून बरोबर मोहाखाली, वाघदेवाच्या बाजूला टाकली आणि तंबूकडे तोंड करून बसले. सासूबाईंनी तीन दगडांची चूल मांडली. बाकीची मंडळीही "जवाई तंबूत कसा झोपते ते पाहू" म्हणून मोहाच्या टोल्याकडच्या अंगाला ओळीने बसली. खांबाच्या जागी आम्हाला बंडीची एक उभारी (बंडीच्या कडेला रोवायची काठी) मिळाली आणि खाली अंथरायला तणीस (धानाचा पेंढा). तंबू उभा राहिला. जरा कलला होता, पण उभा होता.

जेवण शिवेवरून आलं. कोंबड्याचा रस्सा, सुवाऱ्या (आमच्याकडच्या पुऱ्या), आणि तलावातले झिंगे घालून केलेली वांग्याची भाजी. सासूबाई ताट मोहाच्या मुळाशी ठेवायच्या, मी पलीकडून उचलायचो. "आणखी वाढू का, विचार," त्या बैलाला म्हणायच्या, आणि मी बैलाला सांगायचो, "पुरे." त्या सुवाऱ्यांची चव अजून जिभेवर आहे.

दिवेलागणीला आम्ही दोघं तंबूत शिरलो. अखेर दोघंच! बाहेर मात्र प्रेक्षक बसले होते. कापड इतकं पातळ, की बाहेरचा कंदील आत दिसे आणि मामाजींचं खाकरणं तर कानातच होई. मी दोन वर्षं साठवून ठेवलेलं बोलणं आठवू लागलो आणि एक शब्दही आठवेना. शेवटी म्हणालो, "तू शिंगाडे फार छान सोलतेस."

तिने माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी गेला, खांदे हलले. नेहमीसारखेच. माझं मन खट्टू झालं. मी कूस बदलायला गेलो, पाय उभारीला लागला, उभारी सरकली आणि अख्खा तंबू आमच्या अंगावर आला.

बाहेर एकच हलकल्लोळ झाला.

"जवाई दबला! जवाई दबला!"

"अरे जा ना कोनी!"

"कसं जाऊ? मोहापलीकडं सासर हाये तिचं, बिनबोलावता कसं जाऊ?"

"पावनं, डावीकडचा दोर वढा!"

"डावीकडचा नाही जी, उजवीकडचा!"

मी डावा ओढला, मग उजवा ओढला, आणि दोन्ही पायांना गुंडाळले गेले. तणसाचा भुसा नाकात जाऊन शिंका सुरू झाल्या. प्रत्येक शिंकेला बाहेरून कुणीतरी "शंभर साल" म्हणत होतं. आणि त्या कापडाच्या खाली, अंधारात, कुंदा हसली.

खांद्यांनी नाही. पदर तर कुठे अडकला होता देव जाणे. ती खळखळून, मोठ्याने, श्वास लागेपर्यंत हसली. थांबली, "शिंगाडे!" एवढंच म्हणाली आणि पुन्हा हसली. इतक्या लहान चणीच्या बाईत एवढा आवाज होता! मग मीही हसू लागलो. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं, ते भुशामुळे आहे असं मी तिला सांगितलं.

बाहेरचे सल्ले थांबले. थोड्या वेळाने मामाजींचा आवाज आला, पण तो त्यांचा आवाज वाटेना, इतका हळू होता.

"आयकलं का व?"

"आयकलं," सासूबाई म्हणाल्या. या वेळी बैलाला नाही.

"दोन वर्सं झाली. येते, 'बरं हाये' म्हणते, जाते. बरं हाये कोनीबी म्हनते." मग खाट उचलल्याचा आवाज झाला. "चला रे, उठा सारे. घरी चला. इथं बसून आता काय करता?"

घुंगरांचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही त्या पडलेल्या तंबूखाली तसेच पडून होतो. कुंदा हळूच म्हणाली, "लहानपणी बाबा म्हनत, माझं हासनं बांधीतून आयकू येते म्हून त्यायले घराकडं पाहा नाही लागत." मग ती बोलू लागली. तंबू आम्ही पुन्हा उभा केलाच नाही.

सकाळी सारस दिसला. एक नाही, जोडी होती. धान कापलेल्या बांधीत ते दोघे शांतपणे चालत होते. पक्षी पाहायला आलो असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो, ते निदान खरं झालं. मोहापाशी उभारी परत ठेवली, तिथे फडक्यात बांधलेल्या सुवाऱ्या ठेवलेल्या होत्या. मागे मैदानातून हेडमास्तरांची सामुदायिक प्रार्थना ऐकू येत होती. आवाज बरा नव्हता.

वाघ दिसला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी विचार करत होतो, की आत राहावं की बाहेर, हा प्रश्नच आम्ही चुकीचा घातला होता. आत हेडमास्तर असतात आणि बाहेर सासरे. मधली चिंचोळी जागा ज्याची त्याने शोधायची असते, आणि माझी मला माझ्याच लग्नाच्या झाडाने दाखवली. मात्र घर जवळ येऊ लागलं तशी धाकधूक वाटू लागली. पवनीला उतरताना कुंदाने पदर डोक्यावर घेतला. आसगावला पोचेपर्यंत तो कपाळावर आला.

आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. "आले का? वाघ पाह्यला?"

"नाही."

"मंग आत राहले का बाहेर?"

"मधात," मी म्हणालो. "तंबू अंगावर पडला."

"आनि मंग काय केलं?"

"शिंकलो."

कुंदा डबा घेऊन दारातून आत जात होती. तिचा हात सवयीने पदराकडे गेला, तोंडापर्यंत पोचला, आणि मधेच खाली आला. ती हसली. मोठ्याने, थेट जंगलातल्यासारखी. कोठीआडून आत्या बाहेर आली. भाऊ दारात येऊन उभे राहिले.

आईचा हात सुपात थांबला. तिने सुनेकडे वरून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीपासून अशी हासते रे?"

"पहिल्यापासून, आई."

मग सूप बाजूला ठेवून तिने कुंदाला बसायला जागा केली.

"बस इथं," ती म्हणाली. "आनि तंबू कसा पडला ते मले पहिल्यापासून सांग."